कोणाबरोबर जेवतेस?

गणितात नापास झालेल्या मुलाला परब सर गणितातलं काहीच विचारत नसत. चष्मा कपाळावर चढवून त्यांचा एकच प्रश्न असे, "मधल्या सुट्टीत जेवतोस कोणाबरोबर?"

डिचोलीच्या आमच्या शाळेत मी नवीन शिक्षिका होते. सुट्टीत सर वर्गावर्गांतून फिरत आणि कुणाच्या डब्यातला उंडो पाव, कुणाची सुक्या कोळंबीची किसमूर चाखत. मास्तर पाढे सोडून भाजीची चौकशी करतात, अशी एका आईने तक्रारही केली. सर शांतपणे म्हणाले, "शाळेची धास्ती घेतलेल्या पोराच्या डोक्यात अपूर्णांक शिरणार कसे?"

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला ते वर्ष. मराठी की कोंकणी, यावर मोठी माणसं भांडत होती, आणि मुलांनाही एकमेकांची बोली टोचू लागली होती. त्यात कोल्हापूरकडच्या एका गवंड्याची मुलगी, सुरेखा, सातवीत आली. तिनं तोंड उघडलं की वर्ग हसायचा. मग तिनं बोलणंच सोडलं. सहामाहीत ती जवळजवळ सगळ्या विषयांत नापास झाली.

सरांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला. ती पुटपुटली, "कुणाबरबर न्हाई. हिरीमागं बसतो."

दुसऱ्या दिवशी सर डबा घेऊन विहिरीमागे गेले. तिची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मागून घेतली आणि पलीकडच्या मुलींना ऐकू जाईल अशी वाखाणली. आठवडाभरात चटणीसाठी मुली तिथं जमू लागल्या. मग सर जायचे थांबले. वार्षिक परीक्षेत सुरेखा गणितात वर्गात दुसरी आली.

पण तिच्या वडिलांचं इथलं काम संपलं होतं. ते गावी निघाल्याचं कळताच सर मला घेऊन त्यांच्या खोपटावर गेले. पोरीला शिकायला माझ्या घरी ठेवा, म्हणून त्यांनी विनवलं.

"घरात मी आणि माझी थोरली बहीण. तिला ऐकू येत नाही. बोलणारं कुणी नाही हो घरात."

वडील हात जोडून म्हणाले, "सर, पोरगी आमच्यासंगंच ऱ्हाऊ द्या."

परतताना सर एवढंच बोलले, "टीचर, तो बरोबर बोलला."

त्यांच्या घराची पाणंद आली, तरी ते वळले नाहीत. माझ्या दारापर्यंत आले. चहा घेणार का, असं मी विचारायच्या आत त्यांनी चपला काढल्या होत्या.