पुरणपोळीवरून जपानला

“सायकल? येस, येस. डेली.”

कुमुदताई व्हिडिओ कॉलवर हे इतक्या सहज बोलून गेल्या, की मागे स्वयंपाकघरात चहा गाळत असलेल्या अण्णासाहेबांनी कप सोडून ओट्यावरच चहा गाळला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, बायको रोज सायकल चालवते आणि आपल्याला पत्ताच नाही, म्हणजे आपण घरात किती कमी लक्ष देतो, असंही त्यांना घटकाभर वाटून गेलं असेल.

पडद्यावर मियुकी-सान समाधानाने मान लववत होत्या. या बाई जपानात फक्त बायकांच्या छोट्या सहली काढत. सहा जणी, जुना डोंगरी रस्ता, थोडं पायी, थोडं सायकलवर. मुक्कामाला लाकडी धर्मशाळा, जमिनीवर गाद्या, चहाचा विधी, हाताने कागद बनवणारं गाव. बस नाही, झेंडी घेऊन पुढे पळणारा गाईड नाही, आणि मुख्य म्हणजे नवरे नाहीत.

ही शेवटची सोय कुमुदताईंच्या मनात फार खोल जाऊन बसली होती. आजवर त्या पुष्कळ देश हिंडल्या होत्या, पण प्रत्येक देशात अण्णासाहेबांच्या गोळ्या, अण्णासाहेबांचं मेतकूट आणि ‘इथे गरम भात कुठे मिळेल?’ हा अण्णासाहेबांचा प्रश्न त्यांच्या बॅगेत असे. आल्प्स पर्वत त्यांनी पाहिला तो कुकरची शिट्टी मोजता मोजता. या खेपेला बॅगेत फक्त स्वतःचं सामान असणार होतं. त्यासाठी एक छोटीशी थाप मारावी लागली तर त्यांची तयारी होती.

आणि थाप तरी कसली? सायकल त्यांना येत होती. चालवताना फक्त मागून कुणीतरी धरावी लागे, इतकंच.

शारजाच्या औद्योगिक भागात अण्णासाहेबांचं मसाल्याचं आणि कडधान्याचं गोडाऊन आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे कुणी नसतं. तूरडाळीच्या आणि धण्याच्या पोत्यांच्या रांगांमधून अण्णासाहेब कॅरियर धरून धावत आणि कुमुदताई पायडल मारत. “धरलंय ना?” “धरलंय.” या दोन वाक्यांवर त्यांचं सगळं सायकलिंग उभं होतं. एकदा अण्णासाहेबांना दम लागला आणि दुसरं वाक्य आलंच नाही. उत्तर का येत नाही म्हणून कुमुदताईंनी मागे वळून पाहिलं, आणि त्या दिवशी धण्याची चार पोती फुटली. पुढचा आठवडाभर त्यांच्या केसांना फोडणीआधीचा वास येत होता.

खरी पंचाईत पुढे झाली. मियुकी-सान जानेवारीत स्वतः दुबईला यायच्या होत्या. सहलीला नाव दिलेल्या इथल्या सहाही मैत्रिणींना वाळवंटातल्या सायकल ट्रॅकवर स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आणि मगच जागा पक्की करणार. जिला सायकल येत नाही, तिची जागा दुसरीला.

बाकीच्या पाच जणींना फिकीर नव्हती. रंजिता एका कंपनीत एचआर मॅनेजर होती आणि सायकलसुद्धा मीटिंगला निघाल्यासारखी चालवायची. अबुधाबीकडच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहणारी छाया तर रोज सकाळी हेल्मेट घातलेला स्वतःचा फोटो ग्रुपवर टाकायची. फोटोत सायकल असेच असं नाही, पण हेल्मेट असे. उरलेल्या तिघी तिच्या फोटोला अंगठे दाखवायच्या आणि शनिवारी तिच्याबरोबर चकरा मारायच्या.

कुमुदताईंनी शांतपणे डाव मांडला. ट्रायल संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. त्याआधी दुपारी सगळ्यांनी दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला त्यांच्या घरी जेवायला यायचं. बेत पुरणपोळीचा. आजवरचा त्यांचा अनुभव असा होता, की बँकेचा मॅनेजर असो की बिल्डिंगचा मेन्टेनन्सवाला, त्यांच्या हातची पुरणपोळी खाऊन उठलेल्या माणसाला निदान सूर्य मावळेपर्यंत त्यांच्यात दोष दिसत नसे.

ठरल्या दिवशी सोफे बेडरूममध्ये कोंडले, हॉलमध्ये चटया अंथरल्या आणि जपानी पद्धत म्हणून चपला दाराबाहेर ठेवल्या. त्या घरात त्या नेहमीच दाराबाहेर असत, पण आज त्यांना जपानी अर्थ आला. मियुकी-सान आल्या, गुडघे मुडपून ताठ बसल्या. साठीची, काटकुळी, प्रसन्न बाई. हॉटेलवरून आणताना रंजिताने त्यांना गाडीत आपल्या संस्कृतीचं छोटंसं ट्रेनिंग दिलं होतं. त्यातला मुख्य मुद्दा असा, की वाढणाऱ्या बाईला नाही म्हणायचं नाही, तिचा अपमान होतो.

पहिली पोळी कुमुदताईंनी तुपात न्हाऊ घालून वाढली. मियुकी-सान वाकल्या, त्यांनी ती शांतपणे, शेवटच्या कणापर्यंत संपवली, आणि रिकाम्या ताटापुढे हात जोडून पुन्हा वाकल्या. कुमुदताईंनी दुसरी वाढली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे पहिलं ‘नको’ धरत नाहीत. दुसऱ्या ‘नको’ला अर्धी पोळी वाढतात. तिसऱ्या वेळी पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, शपथ घालतो, प्रसंगी अर्धवट उठतो, तेव्हा कुठे वाढणारीचा हात थांबतो. शिवाय जाणता पाहुणा ताटात पोळीचा एक तुकडा राखून ठेवतो. शेकडो वर्षांची ही व्यवस्था आहे आणि तिचे सगळे ब्रेक पाहुण्याच्या हातात आहेत. मियुकी-सानांना हे ब्रेक कुणी दाखवलेच नव्हते. त्यांच्याकडे तर ताटात काही टाकणं हाच यजमानाचा अपमान. त्या संपवत होत्या. आणि ताट रिकामं दिसतंय म्हणून कुमुदताई वाढत होत्या.

चौथ्या पोळीला बाकीच्या बायकांनी कौतुकाने एकमेकींकडे पाहिलं. सहाव्या पोळीला छाया हळूच म्हणाली, जपानी माणसं शंभर वर्षं जगतात ती उगाच नाही. आठव्या पोळीला मियुकी-सानांचा चेहरा कटाच्या आमटीच्या रंगाकडे झुकू लागला. वाकणं मात्र तसंच नम्र होतं, फक्त आता ते खूप सावकाश होत होतं.

स्वयंपाकघरात हाहाकार होता. पुरण संपत आलं होतं. अण्णासाहेबांच्या वाटणीच्या पोळ्या केव्हाच बाहेर गेल्या होत्या आणि ते कोपऱ्यात दहीभात खात स्थितप्रज्ञासारखे उभे होते. लेक पर्णिका दारातून सगळं बघत होती. ती म्हणाली, “आई, शी वोन्ट स्टॉप अंटिल यू स्टॉप.”

“आणि ती थांबल्याशिवाय मी कशी थांबू?” कुमुदताई कपाळाचा घाम पुसत म्हणाल्या. “पाहुणीचं ताट रिकामं आहे.”

“सो लीव्ह इट एम्प्टी.”

“छायासमोर?”

पर्णिकाने तुपाची वाटी आईच्या हातात दिली.

शेवटची पोळी वाढून झाली. तीही संपली. मग कुमुदताईंनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. रिकामा डबा हातात घेऊन त्या पाहुणीसमोर आल्या आणि सर्वांदेखत म्हणाल्या, “फिनिश. सॉरी.”

मियुकी-सानांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश उजळला तो पाहून अण्णासाहेबांनाही भरून आलं. त्या कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकल्या. आणि तशाच राहिल्या.

आता यजमानांनी काय करायचं? रंजिता पुटपुटली की समोरची व्यक्ती उठण्याआधी आपण उठायचं नाही, तिने वाचलंय. सहाही जणींनी कपाळं टेकली. पैठणीचे काठ चटईवर पसरले. शेजारचा केरळी माणूस पार्सल द्यायला आला, त्याने हे दृश्य पाहिलं, पार्सल दाराशी ठेवलं आणि मागच्या पावली निघून गेला. छायाच्या कमरेतून कळ यायला लागली. तिने मान तिरकी करून रंजिताला विचारलं, हे सहलीत रोज असतं का? रंजिता काही बोलणार, तेवढ्यात मियुकी-सान घोरल्या.

उन्हं कलली तेव्हा त्यांना जागं करून, ओवा खायला घालून ट्रॅकवर नेलं. भाड्याच्या सायकली तयार होत्या. छायाने हेल्मेट चढवलं, रंजिताने घड्याळ लावलं, आणि परीक्षकाच्या नजरेत भरावं म्हणून पाचही जणी अशा सुसाट सुटल्या, की क्षणात लांब वाळूत ठिपके झाल्या.

मागे राहिल्या दोघी. मियुकी-सानांनी एक पाय पायडलवर ठेवला, दहा पोळ्यांचा विचार केला आणि पाय खाली घेतला. “प्लीज, कुमुद-सान. आफ्टर यू.”

“नो, नो. आफ्टर यू.”

“नो, प्लीज.”

असं बराच वेळ चाललं. मागून धरायला अण्णासाहेब नव्हते. ते पार्किंगमध्ये गाडीत झोपले होते. शेवटी दोघींनी सायकलींची हँडलं धरली आणि त्या चालू लागल्या. दोन्ही बाजूंना वाळू, मधे काळाभोर रस्ता, आणि आपापली सायकल हाताने ढकलत निघालेल्या दोन बाया. दूर घाफच्या झाडाखालून एक हरीण बघत होतं. त्यालाही काही कळलं नसावं.

कुमुदताईंचं मन त्यांना खाऊ लागलं. समोरची बाई एवढी सज्जन, पोटात एवढं ओझं घेऊन मुकाट चालतेय, आणि आपण तिला फसवायचं? जपान गेलं तर गेलं. त्या थांबल्या. “मियुकी-सान, आय वॉन्ट टू टेल. माय सायकल...”

मियुकी-सानांनी हात वर केला. त्यांचे डोळे पाणावले होते. “आय अंडरस्टँड,” त्या म्हणाल्या. “यू राइड एव्हरी डे. बट टुडे यू वॉक. फॉर मी.”

समोरचं माणूस इतक्या आदराने गैरसमज करून घेत असेल, तर तो मोडणं उद्धटपणाचं दिसतं. कुमुदताईंनी नम्रपणे मान लववली. जपान हळूहळू त्यांच्या अंगात मुरत होतं.

निकालाची मेल आली ती रंजिताने ग्रुपवर टाकली. मियुकी-सानांनी लिहिलं होतं, की सर्व सभासद सायकल उत्तम चालवतात. परंतु जुन्या रस्त्यावर मागे राहिलेल्याला सोडून पुढे जात नाहीत. ही गोष्ट फक्त कुमुद-सानांना ठाऊक आहे. म्हणून पास फक्त कुमुद-सान. मात्र एकटीचा ग्रुप होत नसल्याने सहल तूर्त थांबवली आहे. बाकीच्या पाच जणींनी कुमुद-सानांच्या मागे राहून सराव करावा, सगळ्यांच्या पुढे कुमुद-सान असाव्यात, आणि तसा व्हिडिओ पाठवावा. तो पाहून पुढचं ठरवू.

छायाचा फोन आला. आवाजात साखर होती, पण ती काचेची असावी. “कुमुद, तू रोज चालवतेस हे आम्हाला कधी बोलली नाहीस गं. आता शनिवारी दाखवच. आम्ही पाच जणी तुझ्या मागे. पडलीस बिडलीस तर मात्र आमचंही जपान गेलं, बरं का.”

शनिवारी सकाळी ट्रॅकवर सहा सायकली रांगेत उभ्या राहिल्या. पर्णिका मोबाईल रोखून पुढे उभी. अण्णासाहेबांना कॅमेऱ्यात यायची सक्त मनाई. कुमुदताईंच्या मागे पाच हेल्मेटं, पाच पाय जमिनीवर, दहा डोळे त्यांच्या पाठीवर. “यल्ला काकू, निघा,” रंजिता म्हणाली.

कुमुदताईंनी पायडलवर पाय ठेवला. पाठीमागून “धरलंय” असं कुणी म्हणेना. समोरचा रस्ता सरळ होता, सपाट होता आणि त्याच्या कडेला पोती नव्हती. त्यांनी पाय खाली घेतला, हँडल दोन्ही हातांनी धरलं, मान ताठ केली आणि गजगतीने चालू लागल्या.

मागे खळबळ उडाली. “आता आपण काय करायचं?” रंजिताने विचारलं.

“उतर खाली,” छाया दातओठ खात म्हणाली. “पुन्हा नापास व्हायचंय?”

सहा बायका एका रांगेत, हेल्मेटसकट, चकचकीत गिअरच्या सायकली हाताने ढकलत वाळवंटातून निघाल्या. समोरून एक अरबी सायकलस्वार भरधाव आला, करकचून थांबला आणि सायकलला अडकवलेला पंप काढून काळजीने विचारता झाला, की सहाच्या सहा पंक्चर?

“नो पंक्चर,” कुमुदताई न थांबता म्हणाल्या. “जपान.”

व्हिडिओ त्याच दिवशी गेला. दोन दिवसांनी उत्तर आलं. सहाही जणी पास. असा एकजीव ग्रुप मियुकी-सानांनी आजवर पाहिला नव्हता. सोबत कुमुदताईंसाठी वेगळी, अतिशय संकोचून लिहिलेली विनंती होती. आमच्या डोंगरात एक फार लांब आणि फार उतरता रस्ता आहे. तिथे तरी आपण कृपा करून सायकलवर बसाल का?

कुमुदताईंनी ते दोनदा वाचलं. रिकामी बॅग पलंगावर उघडी होती, तिच्यात फक्त त्यांच्या साड्या होत्या. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने, सावकाश, उत्तर टाइप केलं.

“इन्शाल्ला.”