सामंतांचा आकडा

लिफ्टमध्ये भेटलं की लोक "काय, कसं काय?" विचारतात. आमच्या बिल्डिंगमधले सामंत विचारायचे, "तुमचा आकडा किती?"

आम्ही तेव्हा शारजात, अल नहदाला नुकतेच राहायला आलो होतो. मला वाटलं, हे गृहस्थ मटका खेळतात. "आम्ही तसलं काही खेळत नाही हो," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. आमचा मजला येईपर्यंत ते हसत राहिले. आमच्याच मजल्यावर उतरले, समोरचंच दार उघडलं आणि म्हणाले, "वहिनी, रिटायरमेंटचा आकडा! नवरा-बायकोला शेवटपर्यंत आरामात जगायला किती पैसे लागतात? काढला नाहीत? यल्ला, आत या, आत्ता काढू!"

माझ्या हातात मासे होते. ते त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून त्यांनी मला तासभर बसवून घेतलं.

सामंत एका बांधकाम कंपनीत होते. एखाद्या इमारतीला किती विटा, किती सिमेंट, किती लोखंड लागेल याचा अंदाज काढायचं त्यांचं काम. त्याच डोक्याने ते म्हातारपण मोजायचे, स्वतःचं आणि बायकोचं, नलिनीताईंचं. मूलबाळ नव्हतं, म्हणजे हिशेब दोघांचाच. सुटसुटीत असायला हवा होता. पण कसला सुटसुटीत!

"चहा दिवसातून दोनदा की तीनदा, इथे अडलंय सगळं," ते सांगायचे. "तिसऱ्या चहाने आकडा चार लाखांनी हलतो. महागाई धरून हं!"

नलिनीताई आतून म्हणायच्या, "मग मी दोनदाच घेईन."

"छे, छे! आरामात म्हटलंय ना आपण? आरामात म्हणजे तीनदा!"

आकडा रोज वर चढायचा. त्यांच्या गावी, नाशिकला कांदा महागला की चढायचा, डॉक्टरांची फी वाढली की चढायचा. रात्री ते कामावरून आले की माझी मुलगी त्यांना लिफ्टपाशी गाठायची, "अंकल, व्हॉट्स द नंबर टुडे?" आणि क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा ते तिला सांगायचे, आधी दिरहममध्ये, मग अकराने गुणून रुपयांत.

शुक्रवारी सुट्टी, तेव्हा तर रंगीत तालीम असायची. "आज आम्ही रिटायर्ड!" असं जाहीर करून ते नलिनीताईंना घेऊन फिरून यायचे, सावकाश पेपर वाचायचे, सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे. दहा वाजता आमची बेल वाजायची. "वहिनी, काही काम आहे का? नळ गळतोय? फ्यूज गेलाय? निवृत्त माणूस आहे, वेळच वेळ आहे!" बोलायला लागले की जेवायची वेळ होईपर्यंत थांबायचे नाहीत.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात त्यांनी आकडा गाठला. भर उन्हातून पेढ्यांचे पुडे घेऊन घामाघूम होऊन आले आणि दारातूनच ओरडले, "पोचलो! वहिनी, पोचलो!" त्या हिशेबात मुंबईचे शेअर्स होते आणि दुबईत बुक केलेला एक फ्लॅट होता. फ्लॅटच्या जागी अजून नुसती वाळू होती, पण त्याचा भाव दर आठवड्याला वाढत होता. "तो विकला की चलो नाशिक, इन्शाल्ला!"

त्या दिवाळीपर्यंत शेअर्स निम्म्यावर आले. वाळूतला फ्लॅट वाळूतच राहिला आणि भरलेले हप्ते बुडाले. लोक विमानतळावर गाड्या टाकून पळताहेत अशा बातम्या रोज कानावर यायला लागल्या. हिवाळा संपता संपता एक दिवस भरदुपारी सामंत आमच्या दारात उभे.

"खलास! नोकरी गेली. महिना-दीड महिना आहे, मग व्हिसा रद्द." मग लगेच, "नवा आकडा काढायला घेतलाय!"

हा धक्का आहे, उतरेल, असं मला वाटलं. पण दिवस जात होते आणि माणूस दिवाळीची सुट्टी लागल्यासारखा घरात वावरत होता.

मीच धावपळ केली. माझं ऑफिस दुबईत, जुमेरा लेक टॉवर्सला. आमच्या मॅनेजरला हिशेबाला पक्का माणूस हवा होता. पगार आधीच्या निम्मा होता, पण व्हिसा होता, विमा होता, आणि त्या दिवसांत अशी नोकरी मिळणं म्हणजे लॉटरीच. सामंत इंटरव्ह्यूला आले, मॅनेजर खूश झाला. "हबीबी, कधी येतोस?" सामंतांनी एक दिवस मागितला आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं.

मी तणतणत त्यांच्या घरी गेले. नलिनीताई खाली सामान आणायला गेल्या होत्या.

"सामंत, जन्मभर आकडा आकडा केलंत आणि निम्मा आकडा बुडाल्यावर नोकरी नको म्हणता?"

"बसा वहिनी." पहिल्यांदाच ते इतक्या हळू बोलले. "लग्नानंतर बारा वर्षं मी इथे एका खोलीत चौघांबरोबर राहिलो. ती नाशिकला, आईचं करत. मग तिला आणलं, तर मी सकाळी सहाला बाहेर, रात्री आठला घरात. शुक्रवारी असतो, पण तेव्हा मीच बोलत असतो. परवा दुपारी मी पडलो होतो. तिला वाटलं, डोळा लागला. स्वयंपाकघरातून बोलणं ऐकू आलं. म्हटलं, कोण आलंय? तर ती कुकरशी बोलत होती. 'आज उशीर केलास रे शिट्टीला.' मग खिडकीतल्या पारव्याला विचारलं, 'बायको कुठंय तुझी?' मी दारात गेलो तर एकदम गप्प झाली. ओशाळली, वहिनी."

मी इतका वेळ उभीच होते, ती आता बसले.

"इतकी वर्षं हे असं चाललंय आणि मला पत्ता नाही."

"पण पैशांचं काय?"

"कमी पडतील," ते म्हणाले. "पडू देत."

महिनाअखेरीला ते दोघं गेले.

तीन वर्षांनी मी एका लग्नासाठी नाशिकला गेले, तेव्हा फोन केला. "सकाळी सातला स्विमिंग टँकवर या!" सामंत तसेच ओरडत बोलले. मी गेले तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खांद्यावर फुलाफुलांचा टॉवेल टाकून ते काठावर उभे. ज्येष्ठांची बॅच चालू होती आणि पाण्यात नलिनीताई होत्या.

"बघा, बघा! मागच्या महिन्यात कठडा सोडत नव्हती!" दोन-तीन तास एका बिल्डरचे हिशेब बघतो, बाकी दिवस घरीच, असं त्यांनी घाईघाईत सांगितलं. लक्ष सगळं पाण्याकडे.

"तुम्ही नाही शिकलात?"

"मला पाण्याची भीती वाटते. आणि मी उतरलो तर तिला रस्ता कोण दाखवणार?" त्यांनी मूठ उघडून दाखवली. आत नलिनीताईंचा चष्मा होता. "त्याशिवाय तिला हातभर अंतरावरचं दिसत नाही."

नलिनीताई पलीकडच्या टोकाहून निघाल्या आणि लगेच तिरक्या जायला लागल्या. सामंत काठाकाठाने पळत सुटले. "नलू, इकडे! माझ्याकडे! थोडी डावीकडे! आलीस, आलीस!" बाकीची ज्येष्ठ मंडळी वैतागून बघत होती.

नलिनीताईंनी पाण्याबाहेर तोंड काढलं आणि आवाजाच्या दिशेने वळत, धापा टाकत म्हणाल्या, "येतेय हो, येतेय! बोलत राहा."