केसरमल शेठची उलटतपासणी

तळोद्याच्या बाजारात केसरमल शेठकडे मीठ मागायला गेलं की शेठ तराजूला हात लावायच्या आधी विचारायचा, "काल काय रांधं व्हतं?" म्हणजे काल घरात काय शिजवलं होतं. सांगितलं की दुसरा प्रश्न, "त्यानं पाणी कोठे फेकं?" म्हणजे शिजवल्याचं पाणी कुठे ओतलं. आणि सांगितलं नाही तर मीठ नाही.

मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो आहे. तेवढ्यावर मला एवढं कळतं की गिऱ्हाईक मागतं आणि दुकानदार देतो. शेठला हे कळत नव्हतं. बाई तुरीची डाळ मागायची, हा मूग बांधायचा. "काल तूर, परवा तूर, आज बी तूर. पोट शे का गोणी?" बाई भांडायची, पदर खोचायची, शेवटी मूग घेऊन जायची, कारण माल मात्र शेठकडे साफ असे. खडा सापडायचा नाही. दुकानात सगळं मिळे, फक्त पिठाची चाळणी मिळत नसे. मागितली की म्हणायचा, "चाळीसन कोंडा गायले खावाडशी, नि पोऱ्यासले पांढरं पीठ. गाय पैलवान व्हई जाई नि पोऱ्या काडी." मग बायका चाळणी दुसऱ्या दुकानातून घ्यायच्या आणि शेठच्या दुकानापुढून नेताना पदराखाली झाकून न्यायच्या.

हा सगळा इंग्रजाच्या वेळचा प्रकार. माझी तेव्हा बैलगाडी होती. नंदुरबार स्टेशनावरून शेठचा माल मीच आणायचो, म्हणून त्याचं माझ्या घरी येणं-जाणं. येणं म्हणजे काय, तर ओट्यावर बसायच्या ऐवजी सरळ चुलीपर्यंत जाणं. मारवाडी जैन माणूस, आमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचा नाही, पण झाकण उचलून वास घ्यायला त्याचा धर्म आड येत नसे. पातेल्यावर झाकण नसलं तर स्वतः परात उचलून ठेवायचा. गावात त्याला पाठीमागे 'झाकण शेठ' म्हणत. पुढेही म्हणत, पण हळू.

एकदा आमच्या मंडळींनी अंबाडी चिरून मग धुवायला घेतली. शेठ दारातच थांबला. त्याचा चेहरा असा झाला की जणू घरात कोणी गेलं आहे.

"वयनी, आधी धुवो, मंग चिरो. अर्धी भाजी मोरीमा चालनी गई."

"शेठ, मोरी मन्ही शे नि भाजी बी मन्ही शे."

"नि खानारा पोरं?"

"त्या बी मन्हाच शेतस. तुम्ही तुमना घरनी चूल देखा. शेठाणीबाई वाळीसन खारीक व्हई गई, नि तुम्ही आठे आमनी मोरी मोजी ऱ्हायनात."

शेठने टोपी डोक्यावर नीट केली, "मीठ शेवटले टाकजा" एवढं म्हणाला आणि गेला.

आमच्या मंडळींचं बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. शेठची एकच मुलगी. राजस्थानात दिलेली. पहिल्या बाळंतपणात गेली. तिकडे तिला बाळंतीण म्हणून नुसती भाताची पेज देत होते, दुसरं काही नाही, असं नंतर कोणीतरी येऊन सांगितलं. तेव्हापासून शेठाणीने उपास धरले. एक दिवस उपास, एक दिवस जेवण. जेवणाच्या दिवशी सूर्य असेपर्यंत कधीही जेवायची मोकळीक असते, पण बाई दोन घास खाऊन ताट सारायची. त्यांच्या लोकांत उपास करणाऱ्या बाईला मोठा मान. बायका पाया पडायला यायच्या, नारळ ठेवायच्या. बाई दर महिन्याला वाळत होती आणि दर महिन्याला तिचा मान वाढत होता. शेठ नवरा असून काय बोलणार? धर्माचं काम. जो माणूस गावातल्या प्रत्येक पातेल्यात नाक घालत होता, त्याला स्वतःच्या घरच्या ताटाबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती. मग तो बाहेर उघडायचा, आणि आम्ही सगळ्यांनी ते भोगायचं.

डोंगरातले पावरा आदिवासी चारोळी घेऊन उतरायचे आणि बदल्यात मीठ न्यायचे. इतर दुकानदार टोपली ओढूनच घ्यायचे. आमचा शेठ अर्धी परत सारायचा. "ही घर ले जाय. पोरंसले दे. तेल शे एन्हामा, अंगले लागी." एकदा एक म्हातारा पावरा कंटाळून म्हणाला, "शेठ, पोरं आमनी, मीठ तुन्हं. तू मीठ दे. पोरंसनं आमी देखसूत." अख्खा बाजार हसला. बाकीचे शेठ केसरमलला वेडा म्हणत. म्हणणारच. अर्धी टोपली परत द्यायची नसेल, तर देणाऱ्याला वेडा म्हणून मोकळं व्हावं लागतं.

आता खरी गोष्ट.

उन्हाळ्याचा बाजार होता. दुपार उतरली होती. मी दादर ज्वारीची पोती उतरवत होतो. एक कुणबी बाई आली आणि तांदूळ मागितले. शेठने नेहमीचा प्रश्न विचारला. बाई म्हणाली, पोरगी बाळंतीण झाली आहे, तिला पेज करायची आहे.

"पेजना संगे काय?"

"संगे काय ऱ्हास? बाळंतीनले पेजच देतस. मन्ही सासूनी मले तीच दिधी."

शेठ उभा राहिला. "नुसती पेज? पोरगीले मारनी शे का तुले? डाळ टाक. तूप टाक. शेवगाना पाला टाक. मी तांदूळ देत नही, जाय."

"नको देऊ. समोर भेटी."

"समोरलाबी सांगसू, देऊ नको म्हनीसन."

बाई हात नाचवून काही बोलणार, तेवढ्यात शेठ तराजूवर आडवा झाला. वजनं खाली घरंगळली. मी पोतं टाकून धावलो. पाणी मारलं, तोंडात गूळ घातला. डोळे उघडल्यावर मी विचारलं, "शेठ, काल काय खादं व्हतं?"

शेठने तोंड भिंतीकडे केलं.

कुणबी बाई वाकून बघत होती. म्हणाली, "हाऊ उपाशी शे. मन्हा सासरा असाच पडे." मग जमलेले लोक हसू लागले. मीही हसलो. का हसू नये? गावभर खा खा म्हणत फिरणारा माणूस भुकेने पडला होता, आणि तोही डाळीच्या, गुळाच्या, तुपाच्या डब्यांमध्ये. एवढी करमणूक तळोद्यात रोज होत नाही.

त्याला गाडीत घालून घरी नेलं. शेठाणी पदर ओढून दारात आली. मी तिला कधी एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"बाई," मी म्हणालो, "शेठ भुकथून पडना."

"असं कसं? त्या तं दुकानवर खातस. रोज मले सांगतस."

"दुकानवर सांगतस, घर खाईसन उनू." म्हणजे घरून खाऊन आलो.

मी शहाणपणा म्हणून बोललो नाही. जे होतं ते बोललो. बाईने शेठकडे बघितलं. शेठ खाटेवर बसून अंगरख्याची गुंडी लावत होता, जी आधीच लावलेली होती. मग तिला कळलं आणि तिच्याबरोबर मलाही कळलं. ती जेवायची नाही त्या दिवशी हाही जेवत नव्हता. ती दोन घास खायची त्या दिवशी हाही दोनच. तिला मान मिळत होता, पाया पडायला बायका येत होत्या. ह्याच्या उपासाला कोणी नारळ ठेवला नाही, कारण कोणाला सांगितलंच नव्हतं.

बाई आत गेली आणि चूल पेटवली. तो तिचा जेवणाचा दिवस होता, सकाळचे दोन घास झालेले होते. मी अंगणात बसलो. निघायला हवं होतं, बैल ताटकळले होते, पण मी कोणाच्या सांगण्यावरून उठणारा किंवा बसणारा नाही.

मुगाची खिचडी व्हायला वेळ लागतो. सूर्य समोरच्या घराच्या कौलांवर टेकायला आला होता. सूर्य बुडाला की त्यांच्यात घास तोंडात घालत नाहीत. मग दुसऱ्या दिवशी तिचा उपास, म्हणजे ह्याचाही उपास, आणि मला पुन्हा गाडी जुंपावी लागणार, ती कुठे न्यायला ते मी मनात आणलं नाही.

बाईने एक ताट वाढून शेठपुढे ठेवलं. शेठने हात लावला नाही. तिने बराच वेळ वाट पाहिली. मग दुसरं ताट घेतलं, त्यात वाढलं आणि भिंतीकडे तोंड, दाराकडे पाठ करून बसली. तेव्हा शेठने पहिला घास उचलला.

दोघं जेवू लागली. शेठचं तोंड पश्चिमेकडे होतं. कौलांवरचं ऊन गेलं. मग आभाळातला तांबूस रंग तेवढा राहिला. शेठने ते पाहिलं; मी त्याच्याकडेच पाहत होतो, म्हणून सांगतो. जैन माणूस, जन्मात दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंब घेतलेला नाही.

दिवस आहे का ते बाईने मागे न वळता आपल्या मारवाडीत विचारलं, "दिन है कांई?"

"है," शेठ म्हणाला. "जीमो." म्हणजे जेवा.

तिने पातेलं ओढलं आणि आपल्या ताटात पुन्हा खिचडी वाढून घेतली. शेठची बोटं ताटात फिरत होती. ताटावरून तोंडाकडे जात होती, पुन्हा ताटात येत होती. जबडा हलत होता. बोटांत घास नव्हता.