मधोमध अडकलेली होडी

आबांचं निरूपण इमारतीतल्या प्रत्येक घरात पोचत होतं, आणि तक्रार नेमकी हीच होती. संध्याकाळी आबा तळमजल्याच्या हॉलमध्ये माइकपुढे बसायचे आणि टाळीचा ठेका धरून, गात-सांगत एखादी गोष्ट रंगवायचे. ज्याला ऐकायचं त्याने घरातला स्पीकर लावावा, एवढीच व्यवस्था. आवाज इमारतीच्या सामायिक इंटरनेटवरून जायचा, पण त्याचा राउटर भोळा. कोण ऐकतंय, कोण नाही, याची चौकशी न करता तो आबांचा आवाज घराघरांत सरसकट सोडून द्यायचा. स्पीकर बंद असलेल्या घरातही इंटरनेटला धाप लागायची. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तर तोंडावरच सांगितलं होतं, की तुमचा देव माझ्या मॅचच्या आड येतो.

आबांनी हे मनाला लावून घेतलं आणि जावयाला बोलावलं. जावई नेटवर्कचंच काम करायचा. त्याने समजावलं, की राउटरवर मल्टिकास्टची सेटिंग केली, तर आवाज फक्त मागेल त्याच घरी जाईल. किती घरं मागतात तेही पडद्यावर दिसेल.

"म्हणजे खरे श्रोते किती, ते कळेल?" आबांनी विचारलं.

"अगदी नेमके."

"मग आकडा मला सांगायचा, जावईबापू, आणि खरा सांगायचा. कोणालाच नको असेल, तर मी घरात देवापुढे बसून गाईन. त्याला वायर लागत नाही."

जावयाने जिन्याखालच्या खोलीत बसून सेटिंग केली. डॉक्टरांची मॅच लोण्यासारखी चालली. आबांनी त्या संध्याकाळी नावाड्याची गोष्ट काढली. नदीला पूर, होडीत एक म्हातारी, मांडीवर तिची देवाची मूर्ती. होडी मधोमध आली आणि तळाला भोक पडलं. नावाडी म्हातारीकडे बघतो, म्हातारी मूर्तीकडे बघते, आणि सगळ्या घरांतले स्पीकर गप्प.

आबा रिकाम्या खुर्च्यांना गोष्ट सांगत राहिले. आबांची बायको, म्हणजे जावयाच्या सासूबाई, घरून ऐकत असायच्या. त्यांनी खाली येऊन आवाज गेल्याचं सांगितलं. ऐकणाऱ्यांवर अन्याय नको म्हणून आबांनी दुसऱ्या दिवशी गोष्ट पहिल्यापासून धरली. होडी मधोमध आली, आणि स्पीकर पुन्हा गप्प.

जावयाने वायरी बदलल्या, स्पीकर उघडून पाहिले. तिकडे सासूबाई लिफ्टमध्ये भेटेल त्याच्यापाशी त्या म्हातारीची काळजी करत होत्या. ज्यांनी कधी स्पीकर लावला नव्हता, त्यांनीही लावला आणि तेही नदीत अडकले. डॉक्टर तर शेजाऱ्याच्या दाढेत यंत्र घालून त्यालाच विचारत होते, की होडीचं पुढे काय झालं असेल.

शेवटी जावयाच्या डोक्यात प्रकाश पडला. ऐकणाऱ्यांची नोंद ठेवायला त्याने राउटरला सांगितलं होतं. पण 'अजून ऐकताय ना?' असं मधूनमधून विचारायची सोय चालू करायचीच राहिली होती. कोणी विचारलं नाही म्हणून स्पीकरांनी उत्तर दिलं नाही, आणि ठरावीक वेळात उत्तर आलं नाही म्हणून मंडळी उठून गेली, अशी राउटरने समजूत करून घेतली. जावयाने ती सोय चालू केली आणि संध्याकाळी आकडा बघायला बसला.

निरूपण सुरू झालं. राउटरने विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. पडद्यावर शून्य. सासूबाईंचा स्पीकरसुद्धा बंद.

जावई पडद्यासमोरून उठला. खोटं बोलावं, तर आबांनी खरा आकडा मागितलेला. खरं सांगावं, तर म्हाताऱ्याचं गाणं आपल्या हातून बंद पडणार. जड पावलांनी तो हॉलकडे गेला, तर दारातून आत शिरता येईना. खुर्च्या भरल्या होत्या, माणसं भिंतीला टेकून उभी होती, आणि दारात डॉक्टर.

"मशीनचा काय भरवसा?" डॉक्टर कुजबुजले. "म्हटलं, खालीच यावं. गप्प राहा आता, भोक पडलंय."

नावाड्याने म्हातारीकडे बघितलं. म्हातारीने मूर्तीकडे बघितलं. आणि आबांनी हात जोडले. "पुढचं उद्या."

सगळा हॉल मागे वळून जावयाकडे बघायला लागला.

"पुन्हा काय करून ठेवलंत?" सासूबाईंनी विचारलं.

"मी हातसुद्धा लावला नाही हो," जावई म्हणाला.

आबा शांतपणे उपरणं सावरत होते. "जावईबापू, आकडा किती आला?"

"शून्य, आबा."

"छान," आबा म्हणाले. "उद्याही तेवढाच ठेवा."