रहमानभाईंची रेल्वे

रहमानभाई पुस्तक हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारतात, "ताई, याच्यात रेल्वे हाय काय?"

नसेल, तर पुस्तक कितीही गाजलेलं असो, ते टेबलावरूनच परत जातं. मारेगावच्या वाचनालयात मी अकरा वर्षं आहे आणि रहमानभाईंचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान अगदी समोर. आमच्या गावाला रेल्वे नाही. गाडी बघायची तर वणीला जायचं, आणि तिथंही दिसतात त्या बहुतेक कोळशाच्या.

कादंबरीतली गाडी मात्र ते मोटारीसारखी खोलून बघतात. एका नायिकेनं नागपूरला गाडीत पाय ठेवला आणि पुढच्याच पानावर पुणं गाठलं, तेव्हा दोन दिवस माझ्यावर नाराज होते. "मधात काहीच नाही? बाईनं डबा खोलला नाही, चहा पेला नाही. लेखकाले एवढी घाई होती त बसनं पाठवाचं!" एक नायक वरच्या बर्थवर पडून रात्रभर खिडकीतून चंद्र बघतो. "वरच्या बर्थले खिडकी कायची?" धावत्या गाडीत खून झाला, तर खुनी कोण याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. गाडी किती लेट झाली हे लेखकानं लिहिलं नाही, ही तक्रार.

"तुम्ही कुठं कुठं गेलात रेल्वेनं?" मी एकदा विचारलं.

"मी कायले जातो? दुकान कोण पाहीन?"

मागच्या महिन्यात दुकान चार दिवस बंद दिसलं. नवी कादंबरी आली होती, म्हणून मीच ती घेऊन त्यांच्या घरी गेले. दारातूनच त्यांचा आवाज ऐकू आला. आत खाटेवर त्यांच्या पत्नी शमीमभाभी. पडून कंबर गेल्यापासून सहा वर्षं त्या खाटेवरच आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. रहमानभाई शेजारी बसून वाचत होते. पुस्तक आमचंच. त्यातली म्हातारी मुलीला भेटायला तीन दिवसांचा प्रवास करते आणि स्टेशन यायच्या आधीच गाडीत डोळे मिटते. ते शेवटचं पान मी स्वतः रडत वाचलं होतं.

रहमानभाई तेच पान वाचत होते, "गाडी थांबली. पोरगी फलाटावर उभीच होती. तिनं मायचा हात धरून तिले खाली उतरवून घेतलं."

पुस्तकातली भाषा एकाएकी वऱ्हाडी झाली होती. मी उंबऱ्यातच थांबले.

"अन् सामान?" भाभींनी विचारलं.

"सामान जावयानं घेतलं," पान न उलटता रहमानभाई म्हणाले.

भाभींनी समाधानानं मान हलवली.

"जरा पाणी द्या," त्या म्हणाल्या. "लय दूर आलो आपण."