पुलाखालून जाणाऱ्यांसाठी सूचना

कंधार तालुक्यातल्या बोरदरा गावाला पूल हवा आहे, ही बाब शासनाला मान्य होती. ओढ्याला पाणी आलं की गावाचा रस्ता तुटतो, आणि कावेरीबाईंना डायलिसिससाठी नांदेडला न्यायचं तर चौघांना बाज खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जावं लागतं, हेही मान्य होतं. शासनाचं म्हणणं एवढंच, की मान्यता ही एक गोष्ट आणि पूल ही दुसरी.

मार्ग काढला कावेरीबाईंच्या मुलीनं. तनुजा नांदेडला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाची चिपाडं जळतात आणि त्यांची राख आसपासच्या वाळत घातलेल्या धुण्यावर येऊन बसते. ती राख तिनं दळली, चाळली, थोड्या सिमेंटऐवजी काँक्रीटमध्ये घातली आणि ठोकळे करून प्रयोगशाळेच्या यंत्रात दाबून पाहिले. ठोकळे टिकले. सिमेंट वाचत होतं, राखेचीही सोय लागत होती. खात्यानं 'कृषी-अवशेष राखमिश्रित पर्यावरणपूरक पथदर्शी लघुपूल' या नावानं काम मंजूर केलं. नाव लांब असलं की मंजुरी लवकर मिळते. छोट्या नावाचे प्रस्ताव कुणीतरी वाचतं.

"आई, आता बाजेचं काम न्हाई," तनुजा म्हणाली. "गाडी दारात येणार."

"येऊ दे तर खरं," कावेरीबाई म्हणाल्या.

घोळ झाला तो भूमिपूजनाला. पाहुण्यांना दाखवायला म्हणून शाखा अभियंता दयानंद यांनी थोडी राख आणली होती, आणि ताट एकच असल्यामुळे ती हळदीकुंकवाशेजारी ठेवली. हरित बांधकाम समितीचे अध्यक्ष आदिनाथराव पुढे झाले. त्यांनी नारळ फोडला, फुलं वाहिली, आणि समोर राख दिसताच तीन बोटांनी उचलून कपाळाला ओढली. चिमूटभर जिभेवरही ठेवली.

"सर, ती बॉयलरची राख हाय," तनुजा म्हणाली. "नमुना म्हणून ठेवलीय."

दयानंदांनी तिच्याकडे पाहिलं, अध्यक्षांच्या कपाळाकडे पाहिलं, आणि स्वतःही राख लावून घेतली. वरिष्ठांच्या कपाळावर राख असताना कनिष्ठांचं कपाळ कोरं राहणं हा शिस्तभंगच. मग रांग लागली.

पंधरवड्यात आदिनाथरावांना विधानसभेचं तिकीट मिळालं. ते कसं मिळालं हे पक्षात सगळ्यांना ठाऊक होतं. गावाला मात्र ते अंगाऱ्यानं मिळालं हे ठाऊक होतं. साइटवरची राखेची पोती हलकी होऊ लागली. ज्याला मुलीचं स्थळ जमवायचं होतं तो पुडी घेऊन गेला, ज्याचं ते जमून मोडलं होतं तोही घेऊन गेला.

"म्याडम, स्लॅबला काय टाकू?" ठेकेदार संगप्पा वैतागला. "लोकं राख देव्हाऱ्यात ठेवून राहिले."

चोरीच्या चौकशीला कार्यकारी अभियंता आले. शास्त्राचा माणूस. त्यांनी पोती तपासली, जबाब घेतले, आणि जीपमध्ये बसताना कागदाची पुडी शर्टाच्या खिशात ठेवत दयानंदांना म्हणाले, "माझा काही विश्वास नाही. पण असू द्या." चौकशी त्याच संध्याकाळी पूर्ण झाली.

तरीही पूल झाला. तनुजानं कारखान्यातून पुन्हा राख आणवली, रोज उभं राहून स्लॅबवर पाणी मारून घेतलं. चाचणीला वाळूनं भरलेले ट्रक पुलावर उभे केले आणि पूल तसूभरही हलला नाही. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

उद्घाटनाची फीत कापणार एवढ्यात माजी सरपंच ग्यानोबा उठले. भला माणूस. कुणाचं वाईट चिंतलं नाही, पण विचार करायची सवय होती.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "ह्या पुलात अंगारा हाय. त्याच्यावरून चपला घालून जायचं?"

लोकांचे हात खिशाकडे गेले. प्रत्येकाच्या खिशात पुडी होती.

समिती नेमली गेली. चपला काढून जावं, असं पहिल्या बैठकीत ठरलं. दुसऱ्या बैठकीत म्हशींचा विषय निघाला, त्यांना शेणाच्या बाबतीत शिस्त नसते म्हणून. तिसऱ्या बैठकीत बायकांच्या अडचणीच्या दिवसांचा विषय निघाला आणि बायकांना न विचारता निकाली निघाला. टायर हे चपलेत मोडतं की पायात, यावर जिल्ह्याकडून मार्गदर्शन मागवण्यात आलं. शेवटी पूल लोकांच्या भावनांसाठी राखीव झाला आणि दोन्ही टोकांना फाटक बसलं.

"निदान ॲम्ब्युलन्स तरी जाऊ द्या," तनुजा दयानंदांना म्हणाली.

"ॲम्ब्युलन्सचंच तर अवघड आहे, मॅडम. आत पेशंट असतो. समजा, नेमका पुलावर असताना काही बरंवाईट झालं, तर पुलाला सुतक लागेल. सुतकाची तरतूद अंदाजपत्रकात नाही."

"सर, तुम्ही तर सिव्हिलचे इंजिनिअर हात."

"म्हणूनच तर सांगतोय. पुलाची ताकद मी मोजू शकतो. लोकांची नाही."

त्या वर्षी वापर होऊनही कणभर झीज नसलेला पूल म्हणून बोरदऱ्याच्या पुलाला खात्याचं टिकाऊपणाचं पारितोषिक मिळालं. वापर म्हणजे दर्शन, असा खुलासा सोबत जोडला होता.

पावसाळ्यात कावेरीबाईंची बाज पुन्हा ओढ्यात उतरली, त्याच पुलाखालून. फाटकापाशी नवीन पाटी होती: 'पुलाखालून जाणाऱ्यांनी हात जोडावेत.'

"हात जोडा की रे," काठावरून ग्यानोबा ओरडले.

"हातात बाज हाय, मामा," पुढे असलेला भागवत म्हणाला.

"मग कावेरीला जोडाया सांगा. ती रिकामीच हाय."

कावेरीबाईंनी हात जोडले. वर बघून, भिजत, आपल्या लेकीनं बांधलेल्या पुलाला. त्या दिवशी त्या वेळेत पोचल्या. पुढच्या खेपेला पाणी जास्त होतं, बाज काठावरच थांबली, आणि पाणी उतरेपर्यंत कावेरीबाई थांबल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी राख सावडून तनुजा गोदावरीकडे निघाली, तेव्हा समितीपुढे प्रश्न आला, की ही राख त्या राखेवरून नेता येईल का. समिती हळहळली, उभं राहून श्रद्धांजली वाहिली, आणि नाही म्हणाली. तनुजा मडकं छातीशी धरून ओढ्यातून गेली. तिनं पुलाकडे पाहिलं नाही. हात जोडले नाहीत म्हणून गाव तिच्यावर नाराज आहे.

वाचकहो, तुम्हाला संताप आला असेल. यायलाच हवा, तुम्ही शिकलेले आहात. बोरदऱ्याहून येताना तुमच्यासाठी एक पुडी आणली आहे. घरातल्या कुणाची परीक्षा असेल, कुणाचा रिपोर्ट यायचा असेल. तुमचा काही विश्वास नाही, हे ठाऊक आहे. पण असू द्या.

उजवा हात पुढे करा. हां, केलात की.