पिपाणी, तीस व्हायोलिनं आणि एक खुर्ची

संगीताचे मूळ प्रकार दोनच. एक, जे लोक ऐकतात ते. आणि दुसरं, जे आपण ऐकतो असं लोक सांगतात ते. दुसऱ्याला शास्त्रीय म्हणतात. ही व्यवस्था वर्षानुवर्षं सुरळीत चालू होती आणि कोणाचीच तक्रार नव्हती. (गायकांची होती, पण तीही कोणी ऐकली नाही.) माझ्या भाचीने तिसरा प्रकार कसा प्रस्थापित केला, त्याची ही हकीकत. मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो, तेव्हा खालील आकडे विश्वसनीय समजावेत.

भाचीला घरात पिपाणी म्हणतात. जन्मल्याबरोबर तिने असा काही आवाज काढला की नर्सने हातातलं सोडून आधी कान झाकले. माझे मेहुणे लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. मोटारच्या घरघरीत आयुष्य गेलेला माणूस, पण तेही हबकले. "हिला गाणं शिकवा," ते म्हणाले, "म्हणजे निदान ठरल्या वेळी ओरडेल."

सातव्या वर्षी तिला गाण्याच्या बाईंकडे घातलं. बाईंनी पहिली चार वर्षं तिला एकच सूर लावायला दिला. पाचव्या वर्षी दुसरा दिला, तेव्हा माझ्या बहिणीने साऱ्या नातेवाइकांना फोन करून ही बातमी कळवली. अशी सोळा वर्षं गेली. या काळात पिपाणीचे एकूण नऊ कार्यक्रम झाले. श्रोते दोनशे बारा. पैकी नातेवाईक एकशे नव्वद, बाईंच्या इतर शिष्या अकरा, आणि उरलेले अकरा जण चुकून शिरलेले. त्यांना शेजारच्या सभागृहात केसगळतीवरच्या व्याख्यानाला जायचं होतं. (त्यातले चौघे शेवटपर्यंत बसले. त्यांचे केस आता पूर्ण गेले आहेत.)

पोटासाठी पिपाणी एका दाताच्या डॉक्टरांकडे स्वागतकक्षात बसायची. नावं लिहून घ्यायची, फोन उचलायचा, आणि "थोडंसंच दुखेल" हे वाक्य चेहरा न हलवता म्हणायचं, एवढं काम.

एके दिवशी तिथे एक ट्रकचालक आला. सहा फूट दोन इंच, दंड माझ्या मांडीएवढा. डॉक्टरांनी कोरायचं यंत्र सुरू केलं मात्र, या गृहस्थाने खुर्चीचा हात उपटून स्वतःच्या हातात घेतला. डॉक्टर भिंतीला टेकले. पिपाणी धावत आत गेली, आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून त्या यंत्राच्या सुरात सूर मिसळून गायला लागली. ट्रकचालकाने खुर्चीचा हात मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. दात भरून झाला तरी ते उघडंच होतं.

बाहेर गाल सुजलेल्या एक शाळामास्तरीण बसल्या होत्या. बोलता येत नसल्यामुळे त्यांच्याकडे वेळ होता. त्यांनी दाराच्या फटीतून चित्रण केलं. अकरा सेकंद. तीन दिवसांत ते बेचाळीस लाख लोकांनी पाहिलं.

चौथ्या दिवशी दवाखान्याबाहेर रांग लागली. डॉक्टरांच्या नोंदीप्रमाणे पहिल्या आठवड्यात तीनशे सात रुग्ण आले. दात दुखणारे सोळा. एका वकिलांनी तर जवळून ऐकायला मिळावं म्हणून चांगली दाढ काढून घेतली. नंतर ते सगळ्यांना ती जागा दाखवत फिरायचे. "गेली ती गेली," म्हणायचे, "पण पहिल्या रांगेत बसून गेली."

बाईंनाही कोणीतरी ते चित्रण दाखवलं. त्यांनी डोळे मिटून अकरा सेकंद ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "यंत्र पाव सूर उतरलंय. डॉक्टरांना म्हणावं, तेल घाला."

जाणकारांत मात्र खळबळ माजली. संगीतसभेने तातडीची बैठक बोलावली. जुन्या मंडळींचा आक्षेप असा, की परंपरेत श्रोत्याला होणारा त्रास ऐच्छिक असतो, येथे तो भूल देऊन दिला जात आहे. नव्या मंडळींचं म्हणणं, की यात ठेका नाही. साडेतीन तासांच्या चर्चेनंतर व्याख्या ठरली: "जे गाणं ऐकताना जाणकारांना वाटतं की हे इतरांसाठी असावं, आणि इतरांना वाटतं की हे जाणकारांसाठी असावं, आणि म्हणून दोघेही टाळ्या वाजवतात, त्यास सीमापार संगीत म्हणावे." ठराव एकमताने मंजूर झाला. दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो; सभेने दोन्ही दगडांना मान्यता दिल्यामुळे ती भीतीही उरली नाही.

मग एक व्यवस्थापक आला. पायात मोजे नसलेला पण दोन घड्याळं घालणारा हा माणूस आमच्या बैठकीच्या खोलीत उभ्या उभ्या फिरत बोलला.

"तुम्ही शास्त्रीय नाही," तो पिपाणीला म्हणाला. "तुम्ही शास्त्रीयच्या शेजारी राहता. भाडेकरू म्हणून नाही. मालकीहक्काने!"

"मी गायचं काय?" पिपाणीने विचारलं.

"ते आपण शेवटी बघू."

आधी जे बघायचं होतं ते असं: निळ्या रंगाचा, चौदा मीटर घेर असलेला झगा. तीस व्हायोलिनं. पाठीमागे तोंड उघडून उभे राहणारे चाळीस जण. मध्यभागी दाताच्या डॉक्टरांची खुर्ची, जी गाणं रंगात आलं की चार मीटर वर जाईल. तिच्यात रुग्णाच्या वेशात एक मिशीवाला नट. कोरायचं यंत्र खरंच, पण आवाज नव्वदपट मोठा. आणि लवंगेच्या तेलाचा वास असलेला धूर. धुरावर माझी बहीण लट्टू झाली. मेहुणे खुर्चीची लिफ्ट बघून म्हणाले, "ही अडकणार." त्यांना कार्यक्रमाच्या समितीतून वगळण्यात आलं. (मला घेण्यात आलं. हुद्दा: कौटुंबिक निरीक्षक.)

प्रगती पुढीलप्रमाणे झाली. पहिल्या प्रयोगात प्रत्यक्ष गाणं चाळीस मिनिटं. तिसऱ्यात एकवीस. सातव्यात खुर्चीला स्वतंत्र प्रवेश मिळाला, त्यामुळे नऊ. बाराव्यात मिशीवाल्या नटाचे चाहते वाढल्याने त्याला दोन वेळा "आ" करण्याची संधी दिली. गाणं उरलं चार मिनिटं. विसाव्या प्रयोगाला आम्ही अकरा सेकंदांवर आलो, म्हणजे लोकांना जेवढं माहीत होतं तेवढंच गाणं. प्रेक्षक बेहद्द खूश. समाधानाची टक्केवारी सत्त्याण्णव. (पाहणी प्रवेशद्वारावर, कार्यक्रमाआधी होत असे.)

"मग मी गाऊ कधी?" तिने एकदा तालमीत विचारलं.

"मधे मधे," व्यवस्थापक म्हणाला. "श्वास घेतात ना माणसं, तसं."

त्या दिवशी घरी येताना ती गाडीत नेहमीसारखी पुढे न बसता मागे बसली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "मामा, चार वर्षं एक सूर लावायला शिकले. आता तो लावला की खुर्ची वर जाते आणि कोणाला ऐकूच येत नाही." मी तिला समजावलं, की खुर्ची वर जाणं हीही एक दाद आहे. तिने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघत बसली.

तिसावा प्रयोग शहरातल्या सर्वांत मोठ्या प्रेक्षागृहात झाला. आसनं अठराशे चाळीस, सगळी भरलेली. पडदा उघडला, धूर सुटला, अठराशे चाळीस फोन वर गेले. पिपाणीने सूर लावला, खुर्ची वर निघाली, आणि तीन मीटरवर अडकली. कोरायच्या यंत्राने एक फुर्रर्र केलं आणि तेही जळालं. त्याच तारेवरून व्हायोलिनवाल्यांच्या कानात येणारी ठेक्याची टकटक थांबली, म्हणून तीसही जणांनी एकदम हात थांबवले. मिशीवाला नट वरून ओरडला, "अहो, कोणी आहे का?" मेहुणे आमच्या रांगेत शांतपणे उठले, अवजारांची पिशवी घेऊन (ती त्यांनी घरूनच आणली होती) विंगेत गेले.

व्यवस्थापक पडदा पाडायची खूण करत होता. पिपाणीने ती पाहिली, तोंड फिरवलं, झगा गोळा केला आणि खाली जमिनीवर मांडी घालून बसली. मग गायला लागली.

पहिले अकरा सेकंद फोन वरच होते. चौथ्या मिनिटाला हात दुखून निम्मे खाली आले. दहाव्या मिनिटाला सगळेच. त्यानंतर प्रेक्षागृहात अशी शांतता पसरली की विंगेत कपाळाला हात लावून बसलेल्या व्यवस्थापकाला वाटलं, लोक निघून गेले. मेहुण्यांनी खुर्ची दुरुस्त केली होती. पण ती खाली आणताना आवाज होईल म्हणून आणलीच नाही. नट वर तोंडावर हात ठेवून बसून होता.

संपल्यावर मी आत गेलो. ती आरशासमोर बसली होती, झगा घामाने ओला झालेला, केस मोकळे.

"मामा, ऐकलंस का?"

"ऐकलं," मी म्हणालो. "एक तास दहा मिनिटं चार सेकंद."

"ते नाही रे विचारलं."

खरं सांगायचं तर घड्याळ बघायचंच मी विसरलो होतो. आकडा ठोकून दिला. एकतीस वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं. तिला ते कळलं असावं, कारण ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता तिने माझा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी सविस्तर दखल घेतली. खुर्ची का अडकली, यावर तीन तज्ज्ञांचे लेख. मिशीवाल्या नटाची पानभर मुलाखत: "वर मी एकटा होतो." खुर्ची अडकल्याचं अकरा सेकंदांचं चित्रण नव्वद लाख लोकांनी पाहिलं. नट आता खुर्चीसह स्वतंत्र दौऱ्यावर आहे आणि व्यवस्थापक त्याच्यासोबत आहे.

पिपाणीने झगा परत केला. सकाळी ती दवाखान्यात असते. दर शनिवारी संध्याकाळी बाईंच्या पुढच्या खोलीत गाते. बावीस खुर्च्या मावतात, प्रवेश खुला आहे, फोन दाराशी चपलांच्या फडताळात ठेवावा लागतो. डॉक्टर येतात, ट्रकचालक गावात असला की येतो, आम्ही घरचे असतो. साधारण नऊ खुर्च्या रिकाम्या राहतात.

हे सगळं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं. झग्याचा घेर, व्हायोलिनांची संख्या, खुर्ची किती मीटरवर अडकली, हे सगळ्यांनी आवडीने ऐकलं. तुम्हीही इथवर आवडीनेच वाचलंत, त्याबद्दल आभार. त्या रात्री जमिनीवर बसून ती काय गायली, हे मी एका शब्दानेही सांगितलेलं नाही. आणि ते तुमच्या लक्षात आत्ता, मी सांगितल्यावर, आलं.